न्यूयॉर्कच्या गर्दुल्ल्यांसाठी दवाखान्याचं दार उघडणारी डॉक्टर : मेरी निस्वँडर

१७ जुलै १९५९. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलमध्ये बिली हॉलिडे वारली. वय ४४. आपल्याकडे गझल ऐकणाऱ्यांना बेगम अख्तर जशा, तशी जॅझ ऐकणाऱ्यांना ही बाई. दारूने लिव्हर गेलं होतं, हेरॉइन सुटत नव्हतं. आणि शेवटच्या दिवसांत तिच्या खोलीच्या दारावर पोलिसांचा पहारा होता. खोलीत हेरॉइन सापडलं म्हणून तिला हॉस्पिटलच्या बेडवरच अटक झाली होती.

मरणाला टेकलेल्या पेशंटला कुणी अटक करतं का? त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये करायचे. हेरॉइन घेणारा माणूस हा पोलिसांचा विषय, डॉक्टरांनी त्यात पडायचं नाही, असं सरळ गणित होतं.

हे हॉस्पिटल ईस्ट हार्लेम भागात होतं. त्याच भागात, त्याच काळात, रस्त्यालगतच्या एका गाळ्यात चर्चच्या मदतीने एक छोटा दवाखाना चालायचा. तिथे एक मानसोपचारतज्ज्ञ बाई यायच्या आणि हेरॉइन घेणाऱ्यांना तपासायच्या. फिफ्थ ॲव्हेन्यूच्या श्रीमंत वस्तीतली प्रॅक्टिस हातात असताना त्या इथे येऊन बसायच्या.

त्यांचं नाव डॉ. मेरी निस्वँडर. हेरॉइनच्या व्यसनावर जगभर जो औषधोपचार आज चालतो, त्याच्या मुळाशी ज्या दोन-तीन लोकांची नावं घेतली जातात, त्यातलं हे एक.

मेरी यांचा जन्म १३ मार्च १९१९ चा, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या रिनो गावचा. वडील गणिताचे प्राध्यापक. आई डोरोथी या सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातलं मोठं नाव. मेरी लहान असतानाच आईवडील वेगळे झाले आणि आईने नोकरी, पीएचडी आणि मुलगी असं सगळं एकटीने ओढलं. ही आई पुढे १०० वर्षांपेक्षा जास्त जगली, म्हणजे लेकीच्या मागे राहिली.

मेरी ज्या मार्च महिन्यात जन्मल्या, त्याच महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. पुढे त्यांचं अर्धं आयुष्य या निकालाशी भांडण्यात गेलं, म्हणून तो आधी समजून घेऊ.

अमेरिकेत १९१४ साली हॅरिसन कायदा आला. अफू, मॉर्फिन, हेरॉइन विकायचं तर नोंदणी करा, कर भरा, असा तो कायदा. डॉक्टरांना औषध म्हणून ते लिहून द्यायची सूट होती. प्रश्न असा आला की, व्यसनी माणसाला त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरने रोजचा डोस लिहून दिला तर तो उपचार धरायचा का? १९१९ च्या निकालात कोर्ट म्हणालं, नाही. तेवढ्यावर डॉक्टरांची धरपकड सुरू झाली. न्यूयॉर्कसह अनेक शहरांनी व्यसनी लोकांसाठी उघडलेली क्लिनिक एकामागोमाग बंद पडली. पुढची चाळीसेक वर्षं डॉक्टर या पेशंटला लांबूनच नमस्कार करत राहिले. १९३० पासून केंद्राच्या नार्कोटिक्स ब्युरोवर हॅरी ॲन्सलिंगर नावाचा अधिकारी बसला होता, तो १९६२ पर्यंत हलला नाही. त्याच्या लेखी इलाज एकच होता, तुरुंग.

मेरी १९४४ मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर झाल्या. त्यांना व्हायचं होतं सर्जन. दुसरं महायुद्ध सुरू होतं म्हणून नौदलात जायचं ठरवलं, पण बाईच्या हाती नौदलाची सर्जरी द्यायला कुणी तयार नव्हतं. मग त्यांची रवानगी झाली केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टनला.

लेक्झिंग्टनला सरकारने १९३५ मध्ये एक अवाढव्य संस्था उघडली होती. लोक तिला नार्कोटिक फार्म म्हणायचे. नाव हॉस्पिटलचं, खिडक्यांना गज. आत निम्मे शिक्षा झालेले कैदी, निम्मे स्वतःहून आलेले. शेतात काम करायचं, मोकळी हवा खायची आणि सुधारून घरी जायचं, अशी कल्पना. नवख्या डॉक्टरला तिथे दिसलं ते असं, की कर्मचारी पेशंटला तुच्छ लेखतात, काळ्या पेशंटना तर जास्तच. पुन्हा या फंदात पडायचं नाही, असं ठरवून त्या वर्षभराने न्यूयॉर्कला परतल्या.

या फार्मचं पुढे काय निघालं तेही बघा. तिथून न्यूयॉर्कला परतलेल्या १,९०० हून जास्त पेशंटचा मागोवा घेणारा अभ्यास १९६२ मध्ये छापून आला. ९० टक्क्यांपेक्षा जास्त लोक सहा महिन्यांच्या आत परत हेरॉइनवर होते.

म्हणजे माणूस शरीराने सुटून येत होता, आपल्या गल्लीत उतरत होता आणि पुन्हा सुई टोचून घेत होता. समाज म्हणायचा, याच्यात दमच नाही, मनाने कमजोर आहे. आपल्याकडेही स्टेशनच्या कडेला पडलेल्या माणसाला गर्दुल्ला म्हणून आपण पुढे जातो, तेव्हा डोक्यात हेच असतं. खरं तर हा शब्दच असा आहे की एकदा चिकटला की खालच्या माणसाचं नावगाव विचारायची गरज पडत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मेरी यांनी मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलं आणि प्रॅक्टिस टाकली. पण व्यसनी लोकांना पेशंट म्हणून घेणारे डॉक्टर शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे ज्याला त्याला त्यांचंच नाव सांगितलं जायचं. नको नको म्हणत त्या परत त्याच कामात ओढल्या गेल्या.

१९५५ च्या सुमारास त्यांनी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स विनिक यांच्यासोबत एक प्रकल्प सुरू केला. मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या साध्या दवाखान्यात व्यसनी पेशंट घ्यायचे आणि काय होतं ते बघायचं. १९५७ मध्ये न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाच्या पैशातून खास संगीतकारांसाठी क्लिनिक निघालं. त्याची गरज किती होती? चार्ली पार्कर हा सॅक्सोफोनचा बादशहा १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेला होता. शिवाय न्यूयॉर्कमध्ये क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागायचं आणि ड्रग्जच्या केसमध्ये सापडलात की ते कार्ड जायचं. बिली हॉलिडेचं गेलं होतं. थोडक्यात, व्यसन सोडायच्या आधी रोजीरोटीच सुटायची.

दरम्यान १९५६ मध्ये मेरी यांचं पुस्तक आलं, द ड्रग ॲडिक्ट ॲज अ पेशंट. ड्रग्ज घेणारा माणूस पेशंट आहे, हे त्यांनी पुस्तकाच्या नावातच टाकलं होतं. आज यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. १९५६ मध्ये ते धाडसाचं होतं.

पण पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरच्या हातात तेव्हा देण्यासारखं काही नव्हतं. ईस्ट हार्लेमच्या गाळ्यात येणाऱ्या माणसाशी बोलता यायचं, त्याला चार दिवसांसाठी कुठल्या हॉस्पिटलात बेड मिळतो का बघता यायचं. आठवड्यातून ठरलेल्या वेळी सोफ्यावर बसून बालपणाबद्दल बोला, ही मनोविश्लेषणाची पद्धत ज्याला चार-सहा तासांनी तलफ येते त्याच्या काय कामाची? तो तासभर बसू शकला तरी मिळवली. मेरी यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. ज्या विद्येवर त्यांची कमाई होती, ती या पेशंटवर चालत नाही हे त्यांनी मान्य केलं आणि दुसरं काही शोधू लागल्या.

ते दुसरं काही भेटलं एका लठ्ठपणाच्या डॉक्टरकडे.

डॉ. व्हिन्सेंट डोल हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये चयापचयावर संशोधन करायचे. डाएट करून वजन उतरवलेले लोक परत का जाड होतात, हा त्यांचा विषय. शहराच्या संशोधन मंडळावर काम करताना हेरॉइनचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. वाचायला घेतलं तर पुस्तकंच सापडेनात. जी सापडली त्यात मेरी यांचं होतं. डोल यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि १९६४ च्या सुरुवातीला दोघांचं काम सुरू झालं. जोडीला मेरी जीन क्रीक नावाची तरुण डॉक्टर आली.

डोल यांच्या डोक्यात होतं ते असं. लठ्ठ माणसाचं शरीर वजन परत मागतं, तसं वर्षानुवर्षं हेरॉइन घेतलेल्याचं शरीर ते रसायन परत मागत असेल तर? मग हा इच्छाशक्तीचा प्रश्न उरत नाही. डायबेटिसवाल्याला आपण मनाचा निर्धार कर म्हणत नाही, इन्सुलिन देतो.

आधी दोन पेशंट घेतले. दोघेही वर्षानुवर्षं हेरॉइनवर. त्यांना हॉस्पिटलात ठेवून मॉर्फिन दिलं. डोस वाढवावा लागला, परत वाढवावा लागला. दोघे दिवसभर टीव्हीसमोर बसलेले, पेंगलेले, लक्ष सगळं पुढच्या इंजेक्शनकडे. प्रयोग फसल्यात जमा होता.

मग त्यांना मेथाडोनवर घेतलं. हे काही नवीन औषध नव्हतं. जर्मन केमिस्टांनी ते महायुद्धाच्या तोंडावर वेदनाशामक म्हणून बनवलं होतं आणि अमेरिकेत हेरॉइन सोडवताना आठवडा-दोन आठवडे देऊन बंद करायची पद्धत होती. इथे ते चालू ठेवलं.

आणि थोड्याच दिवसांत दोघे बदलले. एकाने चित्रं काढायला घेतली. दुसऱ्याला राहिलेलं शिक्षण पूर्ण करायचं होतं. ज्यांच्या तोंडी डोसशिवाय विषय नव्हता, ते लोक इतर गोष्टींबद्दल बोलायला लागले.

असं का झालं हे सोपं करून सांगायचं तर, हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांचा. आधी झिंग, मग उतार, मग अंगदुखी, घाम, जुलाब, ज्याला आपल्याकडचे पेशंटही टर्की म्हणतात तो सगळा प्रकार. दिवसातून तीन-चार वेळा हा झोपाळा वर-खाली होतो आणि माणसाचा पूर्ण दिवस पैसे आणि पुडी शोधण्यात जातो. मेथाडोन तोंडावाटे घेता येतं, सुई लागत नाही. एक डोस दिवसभर पुरतो. डोस नीट बसवला की झिंगही येत नाही आणि तलफही लागत नाही. त्यावर कुणी हेरॉइन घेतलंच तर त्याचा फारसा परिणाम जाणवत नाही. म्हणजे माणसाला त्याचा दिवस परत मिळतो. हो, हे औषधही अफूच्याच कुळातलं आहे, त्याचीही शरीराला सवय लागते आणि डॉक्टरशिवाय घेतलं तर जीवही जातो. या मुद्द्यावरून पुढे खूप रान पेटलं.

ऑगस्ट १९६५ मध्ये डोल आणि निस्वँडर यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये २२ पेशंटचा अहवाल छापला. त्याच वर्षी दोघांनी लग्नही केलं. मेरी यांचं हे तिसरं लग्न, आणि शेवटचं.

नार्कोटिक्स ब्युरोची माणसं तोवर दारात येऊन गेली होती. तुम्ही करताय ते बेकायदा आहे, बंद करा, असा दम. डोल यांनी उलट सांगितलं, खुशाल कोर्टात खेचा, म्हणजे निकाल तरी लागेल. ब्युरो कोर्टात गेलाच नाही. खासगी दवाखान्यातल्या एकट्या डॉक्टरला दाबणं सोपं होतं, रॉकफेलरसारख्या संस्थेला अंगावर घेणं अवघड. मेरी यांना इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते इथे का जमलं, याचं निम्मं उत्तर यात आहे.

आता प्रयोग शहरभर न्यायचा होता. न्यूयॉर्कच्या सरकारी हॉस्पिटलांचे आयुक्त रे ट्रसेल यांनी पैसे आणि बेड दिले. मॅनहॅटनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये काम सुरू झालं. सुरुवातीला पेशंटला काही आठवडे भरती करून डोस बसवायचा, मग तो घरी जाणार आणि रोज येऊन औषध घेणार. मेरी यांनी इथे एक गोष्ट केली जी तेव्हाच्या हॉस्पिटलांच्या पचनी पडणारी नव्हती. बरे झालेले पेशंटच त्यांनी कामावर घेतले. नवीन माणूस घाबरत आत आला की त्याच्यासमोर बसलेला माणूस कालपर्यंत त्याच्यासारखाच रस्त्यावर होता.

कार्यक्रम खरंच चालतो का हे तपासायचं काम कोलंबिया विद्यापीठाच्या डॉ. फ्रान्सेस गिअरिंग यांच्याकडे त्रयस्थ म्हणून दिलं गेलं. निष्कर्ष चांगले आले. लोक उपचारात टिकत होते, कामाला लागत होते, अटका कमी होत होत्या.

झालं काय, तर वेटिंग लिस्ट लांबत गेली. रोज जीव टांगणीला लागलेल्या माणसाला काही महिन्यांनी या म्हणणं म्हणजे नाही म्हणणंच. १९७० मध्ये शहराच्या आरोग्य यंत्रणेने स्वतःचा कार्यक्रम काढला आणि रॉबर्ट न्यूमन या तरुण डॉक्टरकडे दिला. त्यांनी दुकानांच्या गाळ्यांत, मिळेल तिथे क्लिनिक उघडत रांग कमी करत आणली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत न्यूयॉर्क शहरात मेथाडोन घेणाऱ्यांची संख्या ३० हजारांच्या पुढे गेली. दोन पेशंटपासून इथवर यायला जेमतेम दहा वर्षं लागली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मेरी यांच्या आयुष्यातला कडवट भाग इथून पुढचा आहे.

पहिला विरोध पूर्ण नशामुक्तीवाल्यांचा. फिनिक्स हाऊस, डेटॉप अशा संस्थांमध्ये पेशंट एकत्र राहून कुठल्याही औषधाशिवाय व्यसन सोडायचे. त्यांचं म्हणणं, हेरॉइनच्या जागी मेथाडोन म्हणजे व्हिस्कीच्या जागी रम. दुसरा विरोध जास्त टोचणारा होता. काळ्या आणि पोर्तो रिकन वस्त्यांमधले कार्यकर्ते म्हणू लागले की सरकारला आमच्या पोरांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत, घरं द्यायची नाहीत, रोज एक बाटली पाजून शांत ठेवायचंय. साउथ ब्राँक्सच्या लिंकन हॉस्पिटलमध्ये ब्लॅक पँथर आणि यंग लॉर्ड्सच्या लोकांनी १९७० मध्ये स्वतःचं व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं आणि मेथाडोनऐवजी ॲक्युपंक्चरकडे वळले. या आरोपाला नुसतं गैरसमज म्हणून उडवता येत नाही. हेरॉइन वस्तीत येत असताना जे सरकार फिरकलं नाही, त्याच सरकारवर औषध घेऊन आल्यावर विश्वास कसा ठेवायचा?

त्यात राजकारण. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ पासून मेथाडोन देशभर वाढवलं, पण त्यांना त्यात मुख्यतः गुन्हे कमी होताना दिसत होते. आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने असा कायदा आणला की ठरावीक वजनाच्या वर माल सापडला तर किमान १५ वर्षं ते जन्मठेप. गव्हर्नरचं नाव? नेल्सन रॉकफेलर. ज्यांच्या आजोबांनी काढलेल्या संस्थेत मेथाडोनचा उपचार सापडला, तेच हे.

केंद्राच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७२ मध्ये नियम केले. मेथाडोन फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच मिळेल, साध्या डॉक्टरला लिहून देता येणार नाही. पेशंटने बहुतेक दिवस स्वतः यायचं, नर्ससमोर प्यायचं, लघवीची तपासणी द्यायची. औषध काळ्या बाजारात जाऊ नये हा हेतू, आणि ती भीती खोटीही नव्हती. पण परिणाम असा की ज्याला नोकरी लागली, त्याने रोज सकाळी रांगेत उभं राहायचं की शिफ्टला जायचं? शिवाय अनेक क्लिनिक डोस कमी ठेवू लागली आणि लवकरात लवकर बंद करायच्या मागे लागली. डोस कमी पडला की तलफ परत येते आणि माणूस परत गल्लीत.

पोलिसांच्या हातून डॉक्टरांच्या हातात आणलेला पेशंट आता कारकुनांच्या हातात गेला होता. १९७६ मध्ये डोल आणि निस्वँडर यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडणारा लेख लिहिला. औषध चालतंय, पण ते ज्या पद्धतीने दिलं जातंय त्यामुळे कार्यक्रम बिघडलाय, असा त्याचा सूर होता. क्लिनिकची संख्या वाढली म्हणजे सेवा सुधारली असं होत नाही, हे पेशंट बघणाऱ्या बाईला आकडे बघणाऱ्यांच्या आधी कळलं होतं.

१९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणखी एक छोटा प्रयोग सुरू झाला. वर्षानुवर्षं नीट चाललेल्या, नोकरी-संसार असलेल्या पेशंटला क्लिनिकच्या रांगेतून काढायचं आणि साध्या डॉक्टरकडे पाठवायचं. महिन्यातून एकदा यायचं, महिन्याचं औषध घरी न्यायचं, जसं बीपीच्या गोळ्यांचं असतं. पेशंट टिकले.

याच काळात एड्स आला. न्यूयॉर्कमध्ये एकच सुई फिरवून हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये तो झपाट्याने पसरला. जे आधीपासून मेथाडोनवर होते, त्यांच्यात लागण कितीतरी कमी निघाली. सुईच सुटली होती ना.

मेरी निस्वँडर २० एप्रिल १९८६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरने गेल्या. वय ६७. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, या कामासाठी वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार डोल यांना मिळाला. तो मरणोत्तर देत नाहीत की काय या वादात आपण पडायला नको, पण यादीत नाव एकट्या डोल यांचं आहे.

त्या गेल्या त्याच वर्षी इकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पुलं-सुनीताबाईंची मदत, येरवड्याच्या मनोरुग्णालयाचा परिसर, हे सगळं आपल्याला माहीत आहेच. त्यांची वाट वेगळी, कुठलंही बदली औषध न देता पूर्ण व्यसनमुक्तीची. पण गर्द घेणाऱ्याला पेशंट समजायचं, हा पाया दोन्हीकडे सारखा. मेथाडोन आपल्याकडे बरंच उशिरा आलं. २०१२ च्या सुमारास देशात मोजक्या ठिकाणी त्याची प्रायोगिक केंद्रं सुरू झाली, त्यात मुंबईचं केईएम हॉस्पिटल होतं. जागतिक आरोग्य संघटनेने ते २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत टाकलं होतं.

आणि त्या रोजच्या रांगेचं काय झालं? मार्च २०२० मध्ये कोरोना आला, क्लिनिकबाहेर गर्दी परवडणारी नव्हती, म्हणून अमेरिकन सरकारने स्थिर पेशंटना एकावेळी २८ दिवसांपर्यंतचं मेथाडोन घरी न्यायला परवानगी दिली. २०२४ मध्ये ही सवलत नियमात कायमची लिहिली गेली.